पहिलं भेदरं

नागपूरचा टमाटर हिवाळ्याचा. बाजारात तो बाराही महिने दिसतो, पण इथल्या अंगणात, वर हिरवी जाळी न ताणता, तो मनासारखा येतो ते डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच. मे महिन्यात नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हाही पाणी मिळत असेल तर टमाटरचं झाड जगतं. हिरवं राहतं, फुलतंसुद्धा. फळ मात्र धरत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या वर राहू लागलं की परागकण निकामी होतात. मग फुलाच्या देठावर जी बारीकशी गाठ असते तिथूनच फूल पिवळं पडतं आणि खाली येतं. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, पानांवर करपा उतरतो. उरतो तो हिवाळा. गणपती उठले की बी टाकायचं, दसऱ्याच्या सुमारास रोपं वाफ्यात लावायची, दिवाळीनंतर फुलं. अधिवेशनासाठी विधानभवनाच्या बाजूला रस्त्यांवर बॅरिकेड लागतात त्या दिवसांत आमच्या झाडांवर फळं असतात, पण हिरवी, टणक, कसलाच वास नसलेली.

आणि मग ती पिकायला जो वेळ घेतात, त्याबद्दल मला लिहायचं आहे. बाजारातल्या टमाटरला आणि घरच्या टमाटरला वेगळं करणारी गोष्ट मला तरी त्या वेळातच दिसते. माती, खत, सेंद्रिय की असेंद्रिय, याबद्दल लोक खूप बोलतात. त्याचाही वाटा असेल. पण पहिला पिकलेला टमाटर तोंडात गेल्यावर जे कळतं, ते झाडावर घालवलेल्या शेवटच्या काही दिवसांचं असतं.

आमचं घर जुन्या प्लॉटवरचं आहे. मागे थोडी मोकळी जागा, एक लिंबाचं झाड, एक कढीपत्ता, धुणं वाळत घालायची तार. बाकीची माती आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्या काटोलकडच्या. त्यांच्या माहेरी संत्र्याची बाग होती आणि बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वांगी, मिरच्या, भेदरे घरापुरते लावलेले असत. टमाटर हा शब्द त्या बाजारातून आणलेल्या मालासाठी वापरतात. मागच्या अंगणात असतात ते भेदरे.

काळ्या मातीत टमाटर लावायचा तर माती उंच करून घ्यावी लागते. आम्ही गादीवाफा करतो. त्यात रेती, चांगलं मुरलेलं शेणखत आणि मूठमूठ निंबोळी पेंड. सपाट जमिनीत लावलं की पाणी बुडाशी साचतं, आणि पाणी कमी पडलं की हीच माती भेगाळून मुळं तोडते. मधल्या मध्ये ओल सारखी राखणं हेच खरं काम. एक दिवस भरपूर आणि मग तीन दिवस काही नाही, असं झालं की फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो. लोक त्याला रोग समजून फवारणी करतात. खरं तर फळाला पाण्याबरोबर जो कॅल्शियम पोचायला हवा तो अडलेला असतो. आई झाडाच्या बुडाशी तुरीच्या शेंगांची टरफलं आणि वाळलेली पानं अंथरतात. माती झाकलेली राहते, ओल टिकते.

रोप हातभर झालं की त्याला बांबू द्यायचा आणि सुतळीनं सैल बांधायचं. खोड आणि पानाच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट काढायची. हे काम केलं की हातांना जो वास लागतो तो मला फार आवडतो. टमाटरच्या पानांवर बारीक लव असते, त्या लवेच्या टोकाशी असलेला रस बोटांना लागतो. आधी काही दिसत नाही, मग बोटं हिरवट पिवळी होतात, वाळली की काळपट. साबण लावला की फेसही पिवळाहिरवा निघतो. पिकलेल्या फळाचा वास वेगळा, हा पानांचा वेगळा. पण या पानांच्या वासाशिवाय मला आता हिवाळा पुरा वाटत नाही.

फुलांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. टमाटरचं फूल खाली मान घालून असतं. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधोमध पुंकेसरांचा एक शंकू. पराग त्या शंकूच्या आतल्या बाजूला. फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नसते, पण पराग आतून सुटून खाली पडायला तर हवा. वाऱ्यानं फूल हललं की थोडा पडतो. नीट पडतो तो भुंग्यामुळे. आमच्याकडे लिंबाच्या झाडाशेजारी एक जुनी लाकडी बल्ली उभी आहे, तिच्यात काळ्या भुंग्यांनी भोकं केली आहेत. ऊन अंगणात आलं की त्यातला एखादा येतो, फुलाला पायांनी घट्ट धरून लोंबकळतो, पंख मिटतो आणि नुसते उडायचे स्नायू थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज बदलतो. उडतानाचा घोगरा गुंजारव एकदम वरच्या पट्टीत जातो, तुटक होतो, आणि शंकूतून परागाची बारीक पूड खाली झरते. मधमाशीला हे जमत नाही. तिला टमाटरच्या फुलात मधही मिळत नाही, म्हणून ती बहुधा बाजूच्या तुळशीवर जाते. निळसर पट्ट्यांची एक छोटी माशी आहे, तिला जमतं. ती इतकी चपळ की नजर ठरत नाही.

हे मी पुस्तकांतून समजून घेतलं. आईंना ते त्यांच्या पद्धतीनं ठाऊक होतं. सकाळी चहा झाला की त्या अंगणात जातात आणि प्रत्येक बांबूवर काठीनं दोन-तीन टिचक्या मारतात. "झाड जागं कराव लागते," म्हणतात. ज्या वर्षी पहाटेची थंडी जास्त असते, भुंगे उशिरा निघतात, त्या वर्षी या टिचक्यांनीच आमची फळं धरतात असं माझं मत आहे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशी थंडी टमाटरलाही सोसत नाही. दहा-बारा अंशांच्या खाली परागाचं काम मंदावतं, फळं थबकतात. उन्हाळ्यात नको तेवढं तापणारं हे गाव हिवाळ्यात असंही गारठतं, आणि त्या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत टमाटर आपलं सगळं उरकून घेतो.

फळ पूर्ण आकाराचं झालं की ते थांबतं. बरेच दिवस काहीच होत नाही. वरून तसंच हिरवं, खांद्यांजवळ गडद, बुडाकडे फिकट. माझी मुलगी रोज शाळेतून आली की दप्तरासकट मागे जाते आणि दाबून बघते. "हात नको लावू सारखा सारखा, त्याले रंग घेऊ दे," आई आतूनच म्हणतात. बाहेरून दिसत नसलं तरी आत काम सुरू झालेलं असतं. पिकणं आतून येतं. आधी बियांभोवतीचा बुळबुळीत गर मऊ होतो, मग गाभा, आणि सगळ्यात शेवटी साल. फळ स्वतःच इथिलिन नावाचा वायू तयार करतं, त्या वायूनं ते पिकू लागतं, आणि पिकू लागलं की तो आणखी तयार होतो. म्हणूनच एकदा सुरुवात झाली की मग थांबत नाही. बुडाशी पांढुरकी झाक येते, ती गुलाबी होते, आणि रंग खालून वर चढत जातो. हिरवेपणा देणारं हरितद्रव्य मोडतं आणि लायकोपिन नावाचं लाल द्रव्य साठू लागतं. लायकोपिनला वीस ते पंचवीस अंशांची ऊब मानवते. नागपूरच्या जानेवारीतला दिवस साधारण तेवढाच उबदार.

गुलाबी झाक दिसली की पाखरांनाही दिसते. बुलबुल येतो, पोपट येतात, खार तर कुंपणावर बसून वाटच बघत असते. आई त्यांची जुनी सुती साडी झाडांवर टाकतात, दिवसा सैल, संध्याकाळी काढून घेतात. साडीतून ऊन गाळून येतं, वारा खेळतो.

यंदा पहिलं पिकलं ते कोपऱ्यातल्या झाडाचं, अगदी खालच्या घोसातलं. खालचा घोस आधी फुलतो, म्हणून आधी पिकतो. आकार काही देखणा नव्हता. थोडा चपटा, खांद्यांवर घड्या, देठाजवळ हिरवट पिवळा राहिलेला. आईंनी हातात घेतला, मुरगळला नाही, नुसता वर उचलला, आणि तो देठाच्या गाठीवर सहज सुटला. झाडाला द्यायचं होतं ते देऊन झालं की फळ असं सुटतं. कच्चं ओढावं लागतं, फांदीसकट येतं.

पहिलं फळ देवाचं. यात आमच्या घरी चर्चा नसते. विहिरीचं पहिलं पाणी, गाईचा पहिला खरवस, नव्या धानाचा पहिला भात, तसंच भेदरंही. मला दरवर्षी ते देवघरात ठेवलेलं बघताना आनंद होतो. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगररांगांकडचं हे झाड, मेक्सिकोत माणसाळलेलं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलं असं मानतात. काही घरांत अजूनही ते श्राद्धाच्या स्वयंपाकात चालत नाही. आणि आमच्याकडे ते बाळकृष्णासमोर, चांदीच्या वाटीत, तुळशीच्या पानासह. आईंना त्याचं मूळगाव सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता आपल्या मातीत झालं ना."

प्रसाद झाल्यावर तो कापायचा. विळीवर, पाच जणांच्या पाच फोडी. मीठ हवं असेल त्याला मीठ. कांदा नाही, दाण्याचा कूट नाही, फोडणी नाही. आमच्या घरात एरवी कोशिंबिरीला हिंग-मोहरीची फोडणी पडल्याशिवाय ती पानात येत नाही, तरी या दिवशी आईच फोडणी करू देत नाहीत.

चव सांगणं कठीण आहे, पण सांगून बघते. पहिल्यांदा आंबट लागतं, जिभेच्या कडांना. लगेच पाठोपाठ गोड, पण ते गोड साखरेसारखं पुढे येत नाही, आंबटाच्या खाली राहतं. मग गराचा खारटपणाकडे झुकणारा, तोंड भरून टाकणारा स्वाद. पिकलेल्या टमाटरमध्ये ग्लुटामेट वाढलेलं असतं, वरणाला, रश्श्याला जो भरीवपणा येतो तो त्याचाच. म्हणून चिमूटभर मीठ पडताच सगळी चव उजळते. आणि शेवटी वास. फळात पाणी जवळजवळ ९५ टक्के, साखर तीन-चार टक्के, तरी ते इतकं बोलकं कसं, याचं उत्तर वासात आहे. हिरवट ताजा वास तर कापल्यावर, चावल्यावरच तयार होतो. तो नुसता नाकानं आत जात नाही, घशातूनही वर नाकात येतो. त्यामुळे खाऊन झाल्यावरही काही वेळ टमाटर संपलेला नसतो.

माझ्या मुलीनं फोड खाल्ली आणि गप्प बसली. नंतर वाटीतला सांडलेला रस बोटानं चाटून घेतला. मग विचारलं, "बाजारातला असा का नाही लागत?"

या प्रश्नाचं उत्तर मला भाजीवाल्या भाऊंनी बरंच आधी दिलं होतं. ते कळमेश्वरकडून भाजी आणतात, घरचीही असते, नागपुरातल्या कॉटन मार्केटच्या भाजी मंडीतून उचललेलीही. मी एकदा त्यांना पूर्ण पिकलेला टमाटर आणा म्हटलं. ते म्हणाले, "ताई, झाडावर पिकवून आणला तर अर्धा माल कॅरेटातच पिचकते. खालच्याचा लगदा होते न् वरचा उद्यापर्यंत राहत नाही. हलका कलर पडला का तोडा लागते." मग थोडं थांबून म्हणाले, "घरी खायचा तो आम्ही झाडावरच ठेवतो."

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. ही चव परसबाग असणाऱ्यांची खास मिरास नाही. ती पिकवणाऱ्याला ठाऊकच आहे. धुऱ्यावर बसून, शिदोरीतल्या भाकरीबरोबर, तोडला आणि खाल्ला असा टमाटर शेतकऱ्यानं आणि शेतातल्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला आहे. ती चव शहरापर्यंत येत नाही, कारण तिला प्रवास सोसत नाही. कॅरेटात भरायचं, ट्रकनं न्यायचं, मंडीत उतरवायचं, पुन्हा भरायचं, हातगाडीवर दोन दिवस राहायचं, एवढं सगळं करून जे फळ शाबूत राहील तेच शेतकऱ्याला पैसे देईल. त्यासाठी वाणही तसेच निवडले गेले, जाड सालीचे, टणक, एकाच वेळी एकसारखे लाल होणारे. त्या एकसारख्या लालपणाची एक किंमत होती. घरच्या टमाटरच्या खांद्यांवर जी गडद हिरवी छटा असते, ती देणारा एक जनुक आहे. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की सरसकट एकरंगी पिकणाऱ्या वाणांमध्ये तो जनुक निकामी झालेला असतो. त्या हिरव्या खांद्यांमध्ये हरितद्रव्य जास्त, म्हणून फळ स्वतःही थोडी साखर तयार करतं. फळ सुबक दिसावं म्हणून निवड होत गेली आणि गोडी कमी झाली. आमच्या पहिल्या भेदऱ्याचे ते हिरवट खांदे, ज्यांना बाजारात कोणी डाग म्हणेल, त्यांची मला म्हणूनच अपूर्वाई वाटते.

पण हे सांगताना शेतकऱ्याला बोल लावणं मला पटत नाही. जुलै २०२३ मध्ये टमाटर कित्येक शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला, केंद्र सरकारनं नाफेड आणि ग्राहक सहकारी महासंघामार्फत तो स्वस्तात विकायला आणला, सगळीकडे त्याचीच चर्चा होती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत भाव असे कोसळले की तोडणीचा खर्च निघेना. ज्या फळाचं नशीब महिन्याभरात असं पालटतं, ते झाडावर आणखी आठवडाभर ठेवा असं त्या माणसाला कोण सांगणार? आपण गिऱ्हाईक म्हणून एवढं करू शकतो की हिवाळ्यात, जवळच्या गावातून सकाळी आलेला माल घ्यावा, थोडा मऊ असला तरी बाजूला सारू नये, आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये टाकू नये. बारा अंशांच्या खाली टमाटर दिवसेंदिवस राहिला की वास तयार करणारी जनुकं मंद होतात आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी तो वास पूर्ण परत येत नाही. आमच्याकडे जानेवारीत ओट्यावरची पितळी परात पुरते. देठ खाली करून, एकमेकांना न टेकवता.

पहिल्यानंतर दुसरा यायला फार वेळ लागत नाही. मग रोज मूठभर, मग टोपलीभर. त्या दिवसांत कुंपणावरून वाट्या फिरतात. शेजारच्या काकू टमाटरच्या बदल्यात सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, देतात, आणि त्याच सोल्यांच्या भाजीत आमचे टमाटर पडतात. घरकाम करणाऱ्या मावशी पदरात घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी भाजलेल्या भेदऱ्यांची चटणी डब्यात आणून देतात. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, साल काढून लसूण-मिरचीबरोबर कुटलेले. ती चटणी ज्वारीच्या भाकरीवर घेतली की आमच्या घरी दुसरी भाजी मागे राहते.

मार्च लागला की रंग उतरतो. ऊन तीस-बत्तीस अंशांच्या पुढे जातं, लायकोपिन तयार होणं अडतं, पिवळं द्रव्य मात्र होत राहतं. फळं लाल न होता नारिंगी पिवळी पिकतात. सालीवर उन्हाचे पांढरे डाग पडतात. आई मग एक दिवस उरलेले सगळे हिरवे काढून घेतात. तीळ, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, लसूण, तव्यावर परतून त्यांची चटणी होते. बी त्याआधीच काढलेलं असतं, कोपऱ्यातल्या त्याच झाडाच्या चांगल्या पिकलेल्या फळांचं. बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटावा म्हणून गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, मग चोळून धुवायचं, सावलीत वाळवायचं. आमचं वाण गावठी, म्हणून हे जमतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय येईल याचा भरवसा नसतो.

आता प्रश्न जागेचा आहे. टमाटर, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात, म्हणून त्याच वाफ्यात पुढच्या वर्षी यातलं काही लावू नये. या वाफ्यात आईंनी गवार टोचली आहे. दसऱ्याला रोपं कुठे लावायची यावर घरात दोन मतं आहेत. लिंबाच्या पलीकडे माती चांगली, पण दुपारी दोननंतर सावली येते. समोर फाटकाजवळ ऊन दिवसभर, पण तिथे गाडी उभी राहते. आईंचं म्हणणं, गाडी रस्त्यावर लावावी. मलाही तेच वाटतं.